कोकणातली जुनी गाडी एन्ड्युरन्स रेसला कशी उतरवाल

कोकणात जुनी गाडी स्वस्त मिळते याला कारण आहे. पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करायची, फिटनेस काढायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, आणि एवढं करून खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलाच. मालकाला ती अंगणातून गेली तरी पुरे असतं. अशी एखादी मारुती एस्टीम किंवा जुनी होंडा सिटी मातीमोलाने दिसली, की ट्रॅकवर गाडी पळवायचं वेड असलेल्याचा हात लगेच खिशात जातो. जाऊ दे, पण सावकाश.

एन्ड्युरन्स रेसमध्ये ठरलेल्या तासांत जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या असतात. एका गाडीला दोन-चार ड्रायव्हर. मध्ये पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर येऊन पेट्रोल भरायचं, ड्रायव्हर बदलायचा, लागलं तर टायर आणि ब्रेक पॅडही. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत १९२३ पासून चालते, पण ती मोठ्या कंपन्यांची. हौशी लोकांसाठी अमेरिकेत २००६ मध्ये ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ सुरू झाली. गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी ही तिची गाजलेली अट. त्या ५०० मध्ये केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), सीट, पट्टे, ब्रेक, टायर यांचा खर्च मात्र धरत नाहीत. आपल्या वहीतही हे दोन हिशेब वेगळ्या पानांवर असू द्या. दुसरं पान पहिल्याच्या कितीतरी पट भरेल, हे आत्ताच मान्य करा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण गॅरेजमध्ये बसलेले सगळे तुम्हाला याच्या उलट सांगतील. पहिल्या वर्षी इंजिनाची ताकद वाढवायला एक पैसा घालू नका. कॅम नको, हेडर नको, एक्झॉस्टचा आवाज तर नकोच. लांबच्या शर्यतीत गाड्या थांबतात त्या तापल्यामुळे, काहीतरी सैल झाल्यामुळे किंवा ब्रेक गेल्यामुळे. ताकद वाढवली की यातलं प्रत्येक दुखणं वाढतं.

आधी नियम, मग गाडी

आपल्याकडे मोटर रेसिंगचं नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) ही संस्था करते. स्पर्धेत उतरायला तिचं लायसन्स लागतं, त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते. प्रत्येक स्पर्धेचं वेगळं नियमपत्रक निघतं. कुठल्या वर्गात कुठली गाडी, कुठले टायर, केज कसा, पिटमध्ये पेट्रोल भरू देतात की नाही, हे सगळं त्यात असतं. ते वाचल्याशिवाय गाडी घेऊ नका. हौशी लोकांच्या लांब शर्यती आपल्याकडे मोजक्याच. त्यामुळे सुरुवात बहुतेकांची ट्रॅक डे (शर्यत नसताना आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) किंवा छोट्या शर्यतींनी होते. गाडी मात्र त्याच पद्धतीने बांधायची.

ट्रॅक आपल्या दारात नाहीत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक १९९० चा, लांबी ३.७ किलोमीटर. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २००३ चा, २.१ किलोमीटरचा; फॉर्म्युला मारुती गाड्या घडवणाऱ्या करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ चा, पाच किलोमीटरहून लांब. आपल्याला जवळ त्यातल्या त्यात पहिले दोन, आणि तेही हजारभर किलोमीटरवर. पण घाटावर कोल्हापूर आहे, हे कोकणवाल्याचं नशीब. तिथे फाउंड्र्या आहेत, लेथवाले आहेत आणि रेसिंगचं वेडही आहे. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे ड्रायव्हर त्याच गावचे. आंबा घाट चढलात की निम्मी कामं होतात.

गाडी कुठली

खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे स्वस्तात मिळत नाही. गोव्यात एके काळी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबर बॉडीची, रेनॉचं १.२ लिटर इंजिन असलेली गाडी बनायची. कुणाच्या शेडमध्ये दिसली तर हात फिरवा, फोटो काढा आणि पुढे चला. स्पेअर कुठून आणणार? ज्या गाडीचं व्हील बेअरिंग शनिवारी संध्याकाळी मिळत नाही, ती लांबच्या शर्यतीची गाडी नव्हे.

म्हणून हलकी, साधी, स्पेअर मिळणारी सेडान बघा. मारुती एस्टीम ही पहिली पसंती: १.३ लिटर, नंतरच्या १६ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय मॉडेलला ८५ बीएचपी, वजन नऊशे किलोच्या आत. १९९४ ते २००७ अशी इतकी वर्षं ती विकली गेली, त्यामुळे कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात अजून माल मिळतो. जुनी १.६ ची बलेनो अंगाने जड पण ताकदीची. होंडा सिटीचं १.५ व्हीटेक इंजिन फार गोड आहे, १०६ बीएचपी देतं, पण चांगली गाडी हल्ली शौकीन लोक सोडत नाहीत. या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. म्हणजे पुढचे टायर, पुढचे ब्रेक, पुढची बेअरिंग यांच्यावर सगळा भार, हे पुढे लक्षात ठेवा.

आरसी, एनओसी, कर्ज असल्यास बँकेचा बोजा उतरल्याचा कागद हे सगळं घ्याच. रेसला न्यायला गाडी ट्रकवर चढवली तरी चेकनाक्यावर कागद विचारतात.

गंज बघायचा कसा

इथे घाई नको. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, हातात छोटी हातोडी, स्क्रू ड्रायव्हर आणि लोहचुंबक ठेवा. पत्र्यावर हलकेच ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर आत पुट्टी किंवा पोकळ गंज. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, आणि दारांच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं लाल मातीने आणि पाचोळ्याने बुजलेली असतात. म्हणून गाडी बाहेरून चकचकीत असली तरी आतून सडत जाते.

दारांच्या, बॉनेटच्या, डिकीच्या गंजाकडे दुर्लक्ष करा. ते भाग बदलता येतात. फ्लोअर, दाराखालच्या बॉक्स पट्ट्या, पुढचे-मागचे शॉकअब जिथे बसतात ते टॉवर, आणि लोअर आर्म जिथे बोल्ट होतो ती जागा, इथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा. तो आत गेला तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. केज याच पत्र्यावर वेल्ड होणार आहे. सडलेल्या फ्लोअरवर उभा केलेला केज गाडी उलटली की फ्लोअर फाडून खाली उतरतो.

चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्याही बाजारात फिरल्या. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. स्टेपनीखालची खोबण, दिव्यांच्या आतला भाग आणि कार्पेटखालचे वायरिंगचे कनेक्टर बघा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर त्या गाडीचं इलेक्ट्रिकल तुम्हाला ट्रॅकवर छळणार.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं काळं ऑइल मारायची आपल्याकडे रीत आहे. रोजच्या गाडीला ठीक. रेसच्या गाडीला ते डिझेलने आणि पाण्याने पूर्ण धुऊन काढावं लागतं, नाहीतर तापलेल्या सायलेन्सरवर धूर, आणि शर्यतीआधीच्या तपासणीत ‘ऑइल लीक’ म्हणून गाडी बाहेर.

उघडायची, पण जपून

मागची सीट, कार्पेट, छताचं कापड, दारांचे आतले पॅनल, फ्लोअरला चिकटवलेले डांबराचे तुकडे, सगळं काढा. डांबर हीट गनने मऊ करून खरवडलं की निघतं. त्याखाली जो गंज दिसेल तो आत्ताच वायर ब्रशने उघडा करून, गरज असेल तिथे पत्रा लावून, प्रायमर मारून बंद करा. एसी काढलात तर त्याचा बेल्ट, ब्रॅकेट, पाइप सगळं काढा. वायरिंग मात्र आंधळेपणाने कापू नका. एकेक वायर कशाची ते शोधायचं, चिठ्ठी लावायची, मग ठरवायचं. अर्थिंगचे सगळे पॉइंट घासून चकचकीत करा आणि ग्रीस लावून बांधा. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे सेन्सर बिघडलेत असं वाटतं, तेव्हा निम्म्या वेळा अर्थिंग कुजलेलं असतं.

हे काम जून ते सप्टेंबरमध्ये शेडखाली करायला छान, कारण पाऊस पडतोय, बाहेर पळवायचं कुठे? रंग आणि बाहेरचं वेल्डिंग मात्र दिवाळीनंतर. ओल्या हवेत रंगाखाली दमटपणा अडकतो आणि वर्षात फुगे येतात. गणपतीत गॅरेज बंद, शिमग्यात मिस्त्री पालखीत. एप्रिल-मेमध्ये टेम्पोवाला आंब्याच्या पेट्या सोडून तुमची गाडी उचलणार नाही. शर्यतीची तारीख हे पाहून धरा.

केज, सीट, पट्टे

गेट-ग्रिल बनवणारा वेल्डर कितीही हुशार असला तरी त्याला केज देऊ नका. पाण्याच्या जीआय पाइपचा केज म्हणजे स्वतःभोवती भाले लावून घेणं. मोटर रेसिंगची जागतिक संस्था एफआयए, तिच्या अपेंडिक्स जे या नियमावलीत मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची कोल्ड ड्रॉन सीमलेस नळी (किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी) सांगितली आहे. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. जिथे पाय फ्लोअरला टेकतो तिथली प्लेट किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची. तुमच्या स्पर्धेचं पत्रक काय म्हणतं ते शेवटचं. ज्याने बांधलेले केज याआधी तपासणीत पास झालेत अशाच माणसाकडे गाडी पाठवा. त्यासाठी कोइमतूर-चेन्नईला जावं लागलं तरी जा. डोक्याजवळच्या नळीला रेसचं कडक पॅडिंग लागतं. एसीच्या पाइपवरचा मऊ काळा फोम त्या कामाचा नाही.

सीट एफआयए मान्यतेची, पट्टे सहा पॉइंटचे. दोन्हींवर मुदत छापलेली असते. जुनं घेताना आधी ती बघा. खांद्याचे पट्टे मागे जाताना ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरता कामा नयेत, नाहीतर धडकेत ते मणक्याला खाली दाबतात. दोन ड्रायव्हर उंचीने वेगळे असतील तर सीट उंच माणसाच्या मापाने पक्की करा आणि ठेंगण्याला पाठीमागे वेगळी गादी बनवा.

अपघातात वीज तोडणाऱ्या बॅटरीच्या कट-ऑफ स्विचची एक मेख नवख्यांना कळत नाही. नुसती बॅटरी तोडली तरी अल्टरनेटर इंजिन चालू ठेवू शकतो. स्विच असा जोडा की चालू इंजिन बंद झालंच पाहिजे, आतूनही आणि बाहेरूनही. अग्निशामक सिलिंडर पक्क्या ब्रॅकेटवर. प्लास्टिकच्या पट्टीवर टांगलेला नव्हे. हेल्मेट, सूट, हातमोजे, बूट हे प्रत्येकाचं स्वतःचं.

ब्रेक

माझ्या मते अर्धी तयारी इथे आहे. ड्रायव्हरसकट हजार किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणली, तर ब्रेकमध्ये सहाशे किलोज्यूलच्या वर उष्णता जाते. तेवढ्यात नळाचं दोन लिटर पाणी उकळीला येतं. हे दर फेरीत, काही ठिकाणी, तासन् तास. कुंभार्ली घाट उतरताना एसटीच्या चाकाला जो वास येतो तो इथे कायमचा मुक्कामाला असतो.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपली हवा म्हणजे ओलावाच. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, ओलावा धरल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की पायाखालचं पेडल जमिनीला टेकतं. म्हणून चांगलं रेसिंगचं डॉट ४ घ्या, सीलबंद छोट्या बाटल्यांत, आणि प्रत्येक स्पर्धेआधी पूर्ण बदला. उघडलेली बाटली शेल्फवर ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडून पिस्टन आणि सरकत्या पिना पाहा. किनाऱ्यावर या पिना हमखास जाम असतात, मग एकच पॅड घासला जातो आणि तो तापतो. रबरी होज नवे. लोखंडी ब्रेक पाइप गंजलेले असतील तर तांबं-निकेल मिश्रधातूचे टाका. पॅड रेसचे, डिस्क साध्या पण नव्या. बंपरमधल्या फॉग लाइटच्या जागेतून तीनेक इंच व्यासाचा उष्णता सोसणारा होज घेऊन डिस्कच्या मधोमध वारा सोडा. कमी पैशात एवढा फायदा देणारं दुसरं काम या गाडीत नाही.

पाणी, ऑइल, पेट्रोल

रेडिएटर नवा. जुन्याच्या जाळ्या मिठाने खाल्लेल्या असतात, बोट लावलं की भुकटी होते. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, सगळे होज आणि क्लिपा एकदमच बदला. रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी पत्र्याने किंवा फोमने बुजवा, म्हणजे वारा बाजूने न पळता जाळीतूनच जाईल. काही आयोजक ग्लायकॉलचं कुलंट चालू देत नाहीत, कारण सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो; तिथे डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक. कंपनीच्या तापमान काट्यावर विसंबू नका, तो बराच वेळ मध्येच स्थिर राहतो. आकडा दाखवणारा वेगळा मीटर आणि ऑइल प्रेशर पडलं की डोळ्यात भरेल असा मोठा लाल दिवा लावा.

लांब वळणात इंजिन ऑइल सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. सम्पमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेता येतात, कोल्हापुरात होईल.

पेट्रोलचं नवं दुखणं म्हणजे ई २०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केट इतक्या इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, झिरपतात. सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाका. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल ठेवू नका.

ट्रॅकवर गाडी रस्त्यावरच्या निम्म्याहून कमी ॲव्हरेज देते. अंदाज बांधण्यापेक्षा मोजा: टाकी काठोकाठ भरा, अर्धा तास शर्यतीच्या वेगाने चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. टाकी किती खाली गेल्यावर वळणात इंजिन अडखळतं तेही याच वेळी कळेल. या दोन आकड्यांवर तुमचे पिट स्टॉप ठरतात.

चाकं आणि सस्पेन्शन थोडक्यात

पुढची व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, एक्सेलचे बूट नवे. शॉकअब जरा कडक. पुढच्या चाकांना उणे दोन अंशांच्या आसपास कॅम्बर द्या, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवा; अलाइनमेंटवाल्याच्या स्क्रीनवर सगळं लाल दिसेल आणि तो ऐकणार नाही, त्याला चहा पाजा. नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यानेच.

चाचणी

ती मुंबई-गोवा हायवेवर नाही, घाटात नाही, आणि किनाऱ्यावर तर अजिबात नाही. ओल्या वाळूत रुतलेल्या गाड्या हर्णै-मुरुडकडे दर सीझनला दिसतात, आणि बांधलेल्या गाडीत खारं पाणी शिरलं की वर्षाचं काम गेलं. केज लावलेली, सीट काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं कायद्यातही बसत नाही.

अंगणात काय होतं? बरंच काही. मे महिन्याच्या दुपारी बॉनेट बंद करून गाडी अर्धा तास चालू ठेवा, अधूनमधून अडीच हजार आरपीएमवर. पंखा कधी लागतो, तापमान कुठे थांबतं, कुठून काय झिरपतं ते लिहा. ड्रायव्हर बदलायची तालीम इथेच करा: एक उतरतो, दुसरा बसतो, तिसरा पट्टे ओढतो. हेल्मेट घालून, घामाघूम अवस्थेत. मग ट्रॅक डेला जाऊन आधी दहा मिनिटं, गाडी थंड, सगळे नट पुन्हा आवळून, मग वीस मिनिटं, मग तास. नवे पॅड याच क्रमाने बसतात.

चेन्नईच्या उन्हात बंद केबिनमध्ये सूट घालून तासाभराच्या वर एकाने चालवू नये. सीटजवळ पाण्याची नळी, पाण्यात मीठ-साखर. सोलकढी उतरल्यावर.

नेताना आणि आणल्यावर

फ्लॅटबेडवर गाडी चाकांना पट्टे टाकून बांधा, बॉडीला नव्हे. सस्पेन्शन हलत राहिलं तरी पट्टा सैल होत नाही. सोबत एक्सेल, बेअरिंगसकट हब, अल्टरनेटर, कॉइल, बेल्ट, होज, पॅडचे दोन सेट, मास्टर सिलिंडरचं किट, ब्रेक ऑइल आणि पेट्या भरून क्लिपा. पिटमध्ये एक माणूस असा हवा ज्याचं काम फक्त वही आणि घड्याळ. त्याला पाना धरू देऊ नका.

परत आल्यावर, गाडी पावसात उभी राहणार असेल तर टाकी रिकामी, बॅटरी घरात, गाडी स्टँडवर आणि हँडब्रेक मोकळा. ताडपत्री थेट पत्र्यावर टाकू नका, खाली घाम धरतो. शेड मिळत नसेल तर बांबूवर उंच बांधा आणि बाजू उघड्या ठेवा.